वाशिष्ठीच्या खोऱ्यात सायकलवर: पैसे भरण्याआधी काय विचाराल?

‘रोज फक्त पस्तीस किलोमीटर. आरामशीर सहल. वयाची अट नाही.’ दिवाळी जवळ आली की अशा जाहिराती फिरू लागतात आणि पाठोपाठ वाचकांच्या शंकाही येतात. शाळा सुटल्यापासून सायकलला हात लावलेला नाही, जमेल का? स्वतःची सायकल न्यायची की तिथली घ्यायची? ‘गाइड सोबत’ म्हणजे कोण, किती वेळ आणि किती जणांत एक? पैसे भरले आणि ऐन वेळी जाता आलं नाही तर? शंका बहुतेक त्याच असतात, म्हणून त्यांची उत्तरं एकदा सविस्तर देऊन टाकू.

उदाहरणासाठी रत्नागिरी जिल्ह्यातली वाशिष्ठी नदी घेतली आहे. तिवऱ्याच्या बाजूला सह्याद्रीत उगवणारी ही नदी चिपळूणवरून वाहत दाभोळला समुद्राला मिळते. तीन-चार दिवसांत डोंगरापासून खाडीच्या मुखापर्यंत सगळं खोरं पाहून होतं, असं हे आटोपशीर अंतर. पण इथले प्रश्न सावित्री, शास्त्री, काजळी किंवा कोकणातल्या दुसऱ्या कुठल्याही खोऱ्याला तसेच लागू होतात.

किलोमीटर नव्हे, चढ विचारा

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. पस्तीस किलोमीटर सपाटीवर म्हणजे नाशिक-निफाडच्या बाजूला एका सकाळचं काम. कोकणात तेवढ्याच अंतरात तुम्ही तीनदा खाडीच्या पातळीला उतरता आणि तीनदा सड्यावर चढता. नदी खाली दरीत असते, वस्ती मधल्या उतारावर आणि मुख्य रस्ता बहुतेक वर, सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या पठारावर. त्यामुळे नकाशावर रस्ता नदीला समांतर दिसला, तरी पायांना तो तसा लागत नाही.

म्हणून संयोजकांना पहिला प्रश्न असा करा: ‘प्रत्येक दिवसाची एकूण चढाई किती मीटर?’ ज्यांनी तो रस्ता स्वतः सायकलवर मोजला आहे, ते लगेच आकडा सांगतील. ‘थोडे चढ आहेत, होऊन जाईल’ असं उत्तर आलं, तर त्यांनी रस्ता बहुधा गाडीतून पाहिला आहे असं समजा.

माझा ढोबळ हिशेब असा. दहा किलोमीटरमागे शंभर मीटरपर्यंत चढ असेल, तर चाळिशी-पन्नाशीतल्या, थोडी सवय केलेल्या माणसाला तो झेपतो. दोनशेच्या पुढे गेला, की सहल आरामाची राहत नाही, मग जाहिरातीत काहीही लिहिलेलं असो. आठवड्यातून एखाद-दोनदाच सायकल चालवणाऱ्यांनी कोकणात दिवसाला तीस-पस्तीस किलोमीटर आणि चारशे मीटर चढाई ही मर्यादा धरावी. वाटेत देऊळ, चहा, पक्षी, फोटो हे सगळं धरून ताशी दहा-बारा किलोमीटरच पडतात. सकाळी सातला निघालात, तर जेवणाच्या सुमारास मुक्काम गाठता येतो, आणि तसंच ठरलेलं बरं. कोकणातली दुपार डिसेंबरातही घाम काढते.

खोरं दाखवणारे चार दिवस

वाशिष्ठीची चांगली सहल साधारण कशी आखलेली असावी, हे कळलं की हातात आलेला कार्यक्रम तपासता येतो.

*पहिला दिवस, चिपळूण आणि गोवळकोट.* गावाला लागूनच गोवळकोटचा किल्ला आणि करंजेश्वरीचं देऊळ आहे. एकेकाळी इथल्या धक्क्याला गलबतं लागत आणि घाटावरचा माल इथून ये-जा करी. पहिल्या दिवशी एवढंच पुरे. सायकलची उंची, ब्रेक, गिअर तुमच्या अंगाला बसवून घेण्याचा हा दिवस. पहिल्याच दिवशी मोठा टप्पा ठेवणाऱ्या कार्यक्रमाकडे जरा शंकेने बघा.

*दुसरा दिवस, नदीच्या वरच्या अंगाला.* खेर्डी, अलोरे, पोफळी हा कुंभार्ली घाटाच्या पायथ्याचा भाग. कोयनेचं पाणी डोंगराच्या पोटातून इकडच्या वीजगृहांत येतं आणि वीज करून झाली की वाशिष्ठीत सोडलं जातं. एरवी कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराला गेलं असतं, ते पाणी अशा तऱ्हेने अरबी समुद्राला जातं. चिपळूणला नदी भर उन्हाळ्यातही वाहती दिसते ती यामुळे. दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. वीज प्रकल्पाचा परिसर परवानगीशिवाय पाहता येत नाही, त्यामुळे ‘वीजगृह दर्शन’ कार्यक्रमात असेल तर परवानगीचं पत्र आहे का ते विचारा. आणि हा कराडचा हमरस्ता आहे, ट्रकांची वर्दळ असते. संयोजक तुम्हाला इथे सकाळी लवकर, आतल्या गावरस्त्यांनी नेणार असतील तरच जा.

*तिसरा दिवस, चिपळूण ते गुहागर.* रामपूर, मार्गताम्हाने, शृंगारतळी असा हा रस्ता पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे आपल्या मर्यादेपेक्षा जास्त. नवख्यांच्या गटाला सुरुवातीचा टप्पा गाडीने नेऊन पुढे सायकल देणारे संयोजक शहाणे. या दिवशी नदी फारशी दिसत नाही, हे आधीच सांगून ठेवते. दिसतो तो सडा: पावसाळ्यानंतर पिवळं पडलेलं गवत, काजूच्या बागा, चिऱ्यांच्या खाणी आणि मध्येच दूरवर चकाकणारा खाडीचा पट्टा. गुहागरला व्याडेश्वराचं देऊळ आणि सुरूच्या बनामागचा लांबलचक किनारा. संध्याकाळ मोकळी ठेवलेली हवी.

*चौथा दिवस, अंजनवेल, धोपावे आणि दाभोळ.* अंतर कमी, पाहण्यासारखं सगळ्यात जास्त. खाडीच्या तोंडावर राखण करणारा गोपाळगड, वाटेत एन्रॉनमुळे गाजलेला वीज प्रकल्प आणि धोपाव्याहून दाभोळला जाणारी फेरीबोट. पलीकडे दाभोळ. आदिलशाहीतलं हे गजबजलेलं बंदर. त्या काळातली अंडा मशीद आजही धक्क्याजवळ उभी आहे. गावाबाहेर चंडिकेचं गुहेतलं देऊळ आहे, आत तेलाच्या दिव्यांचाच काय तो उजेड. इथून पुढे दापोलीला जाण्याचा बेत असेल, तर तो चढाचा रस्ता आहे. ज्यांना नको त्यांना गाडीत बसायची मुभा हवी. परतीला खेड स्टेशन जवळ पडतं.

यात सायकल नदीकाठून जाते ती फार थोडा वेळ. ‘संपूर्ण प्रवास नदीकिनाऱ्याने’ असं कोणी लिहिलं असेल, तर तो रस्ता कुठला ते नकाशावर दाखवायला सांगा. खाडीकाठी खारफुटी, खाजण आणि खासगी आगरं आहेत. सलग काठरस्ता नाही.

कोणत्या प्रकारची सहल घ्यावी?

बाजारात साधारण तीन प्रकार आहेत.

- गाडी आणि गाइड, दोन्ही सोबत. सामान टेम्पोत, तुमच्याकडे फक्त पाण्याची बाटली. थकलात की गाडीत बसा. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी, साठीच्या पुढच्यांनी आणि मुलांना नेणाऱ्यांनी हाच प्रकार घ्यावा. महाग पडतो, पण त्या पैशाचं चीज होतं.
- एकाच ठिकाणी मुक्काम, रोज वेगळी फेरी. चिपळूण किंवा गुहागरला तळ ठोकायचा आणि रोज संध्याकाळी परत यायचं. सामान रोज बांधायचं नाही, एखाद्या दिवशी अंग दुखलं तर खुशाल झोपून राहता येतं. दोघांपैकी एकालाच सायकलची आवड असेल, अशा जोडप्यांना हा बरा.
- फक्त मार्ग आणि मुक्काम आखून देणारे. नकाशा तुमच्या फोनवर, बाकी तुमचं तुम्ही. पंक्चर काढता येत नसेल, तर या वाटेला जाऊ नका.

विजेची सायकल हा अलीकडचा पर्याय. गुडघे कुरकुरतात पण हिंडायची हौस आहे, अशांसाठी तो खरोखर चांगला आहे, त्यात कमीपणा कसला. मात्र ती साध्या सायकलीहून पुष्कळ जड असते आणि बॅटरी संपली की चढावर ढकलणं मुश्कील होतं. मुक्कामाला चार्जिंगची सोय आणि गाडीत जादा बॅटरी आहे का ते विचारा. २५० वॉटपर्यंतच्या आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत चालणाऱ्या सायकलीला नोंदणी किंवा परवाना लागत नाही. त्याहून ताकदवान सायकल कोणी देत असेल, तर कागदपत्रं मागा.

संयोजकांना विचारायचे प्रश्न

फोनवर न विचारता लेखी विचारा, व्हॉट्सअॅपवर चालेल. उत्तरं जपून ठेवा.

- गटात जास्तीत जास्त किती जण? पुढे एक आणि सगळ्यात मागे एक, असे दोन गाइड आहेत का? दहा-बाराच्या गटाला दोन गाइड आणि एक गाडी यापेक्षा कमी चालवून घेऊ नये.
- मागचा गाइड शेवटच्या माणसाबरोबर थांबतो का? हा प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण सहलीचा आनंद यावर ठरतो. पुढचे निघून गेले आणि तुम्ही एकटे चढावर सायकल ढकलताय, याला गाइडसोबतची सहल म्हणत नाहीत.
- प्रथमोपचाराचं प्रशिक्षण कोणाचं झालं आहे? पेटी कुठे असते, गाडीत की गाइडच्या पाठीवर?
- सायकली कोणत्या, किती जुन्या? माझ्या उंचीची आहे का? (उंची सेंटिमीटरमध्ये कळवा.)
- वाटेतल्या थांब्यांवर वापरता येण्याजोगी स्वच्छतागृहं आहेत का?
- खोली किती जणांत? ‘घरगुती मुक्काम’ म्हणजे स्वतंत्र न्हाणीघर की सामाईक?
- पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी आहे का? राज्य सरकारने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं. त्यानुसार साहसी उपक्रम घेणाऱ्या संस्थांनी संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. नोंदणी असेल तर क्रमांक मिळतो, तो मागा.

स्वच्छतागृहाचा प्रश्न विचारायला बायका संकोचतात आणि मग दिवसभर पाणी पीत नाहीत. उन्हात सायकल चालवताना याचा त्रास दुपारपर्यंत जाणवतोच. पाळीचे दिवस येत असतील, तर गाइडला नसेल सांगायचं तर गाडीच्या सोयीबद्दल तरी आधी बोलून ठेवा. गटात एखादी बाई गाइड असेल तर उत्तमच. अशा संस्था आता आहेत, शोधल्या तर सापडतात.

पैसे भरताना

दर संस्थेगणिक बदलतात, त्यामुळे आकड्यांची तुलना करण्याआधी त्यात काय धरलं आहे ते पाहा. सायकलभाडं, हेल्मेट, गाडी, मुक्काम, जेवण, फेरीचं तिकीट, होडीची सैर, कर या आठ बाबी कागदावर लिहा आणि एकेकीपुढे ‘आहे’ किंवा ‘नाही’ लिहून घ्या. स्वस्त वाटलेली सहल पुष्कळदा यातल्या तीन-चार बाबी वगळून स्वस्त झालेली असते.

पैसे संस्थेच्या खात्यावर भरा, कोणा एकाच्या खासगी नंबरवर नको. पावती घ्या. रद्द करण्याच्या अटी तारखांसह लेखी हव्यात: किती दिवस आधी कळवलं तर किती परत, आणि गट पुरेसा न जमल्यामुळे *त्यांनी* रद्द केली तर काय. या दुसऱ्या अटीबद्दल बरेच जण गप्प असतात. ‘पुढच्या सहलीत सामावून घेऊ’ हे उत्तर पुरेसं नाही. तुम्हाला पैसे परत मागता आले पाहिजेत.

अपघात विमा संस्थेचा आहे की तुमचा तुम्ही घ्यायचा, ते विचारा. स्वतःची पॉलिसी असेल तर ‘साहसी खेळ वगळून’ असं कलम आहे का ते पाहा, आणि सायकल सहल त्यात मोडते का हे विमा कंपनीला ईमेलने विचारून ठेवा.

स्वतःची सायकल न्यावी का?

रोज चालवत असाल तरच. न्यायची झाली, तर रेल्वेने पाठवताना उघडी सायकल डब्यात घेऊन बसता येत नाही, ती पार्सल कार्यालयातून लगेज व्हॅनमध्ये नोंदवावी लागते. चिपळूणला गाडी मोजकीच मिनिटं थांबते आणि सायकल उतरवून घेईपर्यंत जीव टांगणीला लागतो. घडीची सायकल पिशवीत घालून नेणं सोपं. काही संयोजक मुंबई-पुण्याहून सायकलींसाठी टेम्पो पाठवतात, तो सगळ्यात सोयीचा मार्ग.

तिथली सायकल घेणार असाल, तर तुमची सीट तेवढी सोबत न्या. हा सल्ला ऐकून लोक हसतात. पण शरीराला सवय झालेली सीट असेल तर दुसऱ्या दिवशी बसताना कळवळायला होत नाही. एका किल्लीने ती काढता-घालता येते.

ताब्यात घेताना ही तपासणी स्वतः करा:

1. पेडल सगळ्यात खाली आणून त्यावर टाच ठेवा. पाय जवळजवळ सरळ झाला पाहिजे. गुडघा बराच वाकलेला राहत असेल तर सीट वर घ्या. गुडघेदुखीच्या निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.
2. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे ढकला, मग मागचा दाबून. चाक फिरता कामा नये. ब्रेकची दांडी पार मुठीला टेकत असेल, तर ब्रेक आवळून घ्या.
3. सगळ्यात हलका गिअर, म्हणजे पुढची लहान आणि मागची मोठी चकती, पडतो का ते चालवून पाहा. कोकणातल्या चढाला हाच लागतो. हा गिअर नीट पडत नसेल, तर सायकल बदलून मागा.
4. मागचा लाल दिवा लागतो का? डिसेंबरात पहाटे धुकं असतं.

अंगाची तयारी

सहा आठवडे पुरतात. आठवड्यातून तीनदा अर्धा-पाऊण तास चालवा, रविवारी दोन तास. शेवटच्या दोन आठवड्यांत सलग दोन दिवस चालवून पाहा. पहिल्या दिवशी कोणीही चालवतं. सीटवर पुन्हा बसवतं का, हे दुसऱ्या दिवशी कळतं. पुण्यात राहत असाल तर चांदणी चौकाची चढण, मुंबईत असाल तर आरे कॉलनीतले चढउतार सरावाला पुरेसे आहेत. शहरात चढ नसेल, तर पूल शोधा आणि त्यावर येरझारा घाला.

पॅड असलेली सायकलची चड्डी घ्या आणि तिच्या आत दुसरं काही घालू नका. शिवणीच घासतात. मांड्यांना खोबरेल किंवा व्हॅसलिन लावा. रक्तदाब, मधुमेह, हृदयाचा काही इतिहास असेल, तर डॉक्टरांना विचाराच, शिवाय गाइडला खासगीत सांगून ठेवा. मधुमेहींनी खिशात खडीसाखर किंवा ग्लुकोजची गोळी ठेवावी. घाटीत मोबाइलची रेंज जाते आणि पुढचं दुकान तीन वळणांपलीकडे असतं.

पाणी तासाला अर्धा लिटर. नुसतं पाणी पुरत नाही, घामाबरोबर मीठही जातं. त्यावर कोकणातला इलाज वाटेत मिळतोच: मीठ-जिरं घातलेलं कोकम सरबत.

रस्त्यावर

मुंबई-गोवा महामार्गावर सायकल चालवायची नाही, ही अट तुम्हीच घाला. परशुराम घाटातून दरीचं दृश्य सुंदर दिसतं, पण तिथे गाडीने जाऊन बघा.

आतल्या रस्त्यांवरचे धोके वेगळे असतात. चिरे भरलेले ट्रक उतारावर सहज थांबत नाहीत; मागून आवाज आला की बाजूला उतरून त्यांना जाऊ द्या. वळणावर जांभ्याची बारीक खडी सांडलेली असते, त्यावर ब्रेक दाबला की चाक घसरतं. ब्रेक वळणाआधी, दोन्ही मिळून, हळूहळू. एसटी समोरून आली तर अरुंद रस्त्यावर हक्क सांगत बसू नका. कुत्रं अंगावर आलं तर पळ काढण्यापेक्षा उतरा आणि सायकल मध्ये धरून शांतपणे चाला, ते बहुतेक वेळा नाद सोडतं.

चढावर उतरून सायकल हातात धरून चालण्यात लाज कसली? सगळेच चालतात.

नदी, मगरी आणि फेरीबोट

वाशिष्ठीत मगरी आहेत. चिपळूणच्या आसपास काठावर ऊन खात पडलेल्या त्या होडीतून दाखवल्या जातात, आणि तो सहलीचा चांगला भाग आहे. पण होडीतूनच. ‘पाणी उथळ दिसतंय, जरा पाय भिजवू, सायकल धुऊन घेऊ’ हे या नदीवर करायचं नाही, गाइड स्वतः उतरला तरी. मगरींखेरीज आणखी एक कारण आहे: वीजनिर्मितीच्या गरजेप्रमाणे नदीत सोडलेलं पाणी कमीजास्त होतं, त्यामुळे वरच्या भागात पातळी बदलू शकते. गावकऱ्यांना पाणवठे ठाऊक असतात, तुम्हाला नसतात.

होडीत बसण्याआधी लाइफ जॅकेट अंगावर चढवा. ते बाकाखाली पडलेलं असेल तर मागून घ्या. सैरीची वेळ भरती-ओहोटीवर ठरते. ओहोटीला काठाचा चिखल उघडा पडतो, मगरी आणि पाणपक्षी तेव्हा जास्त दिसतात. पण फार उतरलेल्या पाण्यात होडी रुतते. म्हणून ‘कार्यक्रम अर्धा तास पुढेमागे होईल’ असं गाइड म्हणाला, तर त्याच्यावर चिडू नका. तो पाणी बघून बोलतोय.

धोपाव्याच्या फेरीत गाड्याही चढतात. लोखंडी फळी खाली येते, आधी मोटारी आणि टेम्पो, मग मोटारसायकली, मग आपण. ती फळी ओली असते आणि तिच्यावर शेवाळ नि सांडलेलं तेल यांचा बुळबुळीत थर असतो. सायकलवर बसून चढू नका, हातात धरून न्या, आणि सायकलचे बूट घातले असतील तर पाऊल जपून टाका. बोटीत सायकल कठड्याला बांधा. खाडी ओलांडायला मोजकीच मिनिटं लागतात, पण मध्ये वारा असतो आणि एक पडली की सगळ्या पडतात. वर पाहाल तर ब्राह्मणी घारी घिरट्या घालताना दिसतील.

कधी जावं

मध्य नोव्हेंबर ते फेब्रुवारी. ऑक्टोबरात रान हिरवं असतं, पण उकाडा सोसवत नाही. मार्चनंतर सड्यावर सावली मिळत नाही.

पावसाळी सहलीच्या जाहिराती मोहात पाडतात. कोकणचा पाऊस पाहायला जरूर जा. पण सायकलवर, नवख्या गटासोबत, नदीखोऱ्यात नको. २२ जुलै २०२१ ला चिपळूण शहर पाण्याखाली गेलं होतं, आणि २ जुलै २०१९ च्या रात्री तिवऱ्याचं धरण फुटलं होतं. हवामान खात्याचा नारिंगी किंवा लाल इशारा असताना कोणी ‘काही होत नाही’ म्हणत असेल, तर त्या संयोजकाबरोबर उन्हाळ्यातही जाऊ नका.

खाणं आणि मुक्काम

याची काळजी करू नका. घावणे, आंबोळी, कुळथाचं पिठलं, सोलकढी, मासे खाणाऱ्यांना ताजे मासे. फक्त शाकाहार, उपवास, जैन जेवण यांची सूचना आधी द्या. घरगुती मुक्कामात ऐन वेळी वेगळा स्वयंपाक होत नाही. रोख थोडी जवळ ठेवा, रेंज नसली की यूपीआयही चालत नाही. आणि लोकांच्या आगरात, कलमांच्या बागेत विचारल्याशिवाय शिरू नका. विचारलंत तर शहाळं हातात ठेवून बसवून घेतील.

काही बिनसलं तर

निघण्याआधी तुमच्याकडून एक कागद सही करून घेतला जातो: ‘माझी जबाबदारी माझी, संस्था जबाबदार नाही.’ वाचून सही करा, पण घाबरू नका. रस्त्यावर सायकल चालवण्यातला नेहमीचा धोका तुम्ही पत्करता, हे खरं; मात्र बिनब्रेकची सायकल दिली, कबूल केलेली गाडी आलीच नाही, जखमी माणसाला मदत केली नाही, याबद्दल दाद मागण्याचा हक्क त्या सहीने जात नाही.

- ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे सेवेतल्या त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. तुम्ही जिथे राहता किंवा नोकरी करता, त्या जिल्ह्यात ती चालते. त्यासाठी चिपळूणला खेपा घालाव्या लागत नाहीत.
- सेवेसाठी भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल, तर तक्रारीला शुल्क नाही. मुदत घटनेपासून दोन वर्षं. तक्रार ई-जागृती संकेतस्थळावरून करता येते, वकील असलाच पाहिजे असं नाही.
- त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन करून पाहा. बरेच परतावे तिथल्या एका पत्रावर मिळतात.
- पुरावा म्हणून जाहिरात, पावती, व्हॉट्सअॅपवरची उत्तरं आणि सायकल ताब्यात घेतानाचे फोटो ठेवा.

अपघात झाला तर आधी १०८ ला फोन, मग संयोजकांना. मुक्कामाच्या प्रत्येक गावाजवळचं सरकारी रुग्णालय कुठे आहे, हे गाइडला पहिल्याच दिवशी विचारून ठेवा. त्याला सांगता आलं पाहिजे.

चांगल्या, लहान गटांच्या सहली लवकर भरतात. नाताळ ते नववर्ष हा आठवडा गुहागरच्या किनाऱ्यावर गर्दीचा आणि रस्त्यावर पर्यटकांच्या मोटारींचा असतो, तो सोडा. जानेवारीचा दुसरा-तिसरा आठवडा मिळतो का ते पाहा. चौकशी गणपती आटोपले की लगेच सुरू करा, म्हणजे सरावाला सहा आठवडे सहज मिळतील.